जाळ्यांसाठी तीन कोटेशनं

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाळ मिलने आपल्या खरेदी अधिकाऱ्याला खरेदी विभागातून काढलं आणि गेटवर आवक-जावक नोंदवायला बसवलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत, असं आदेशात लिहिलं होतं. आदेशाला कारण म्हणून अंतर्गत लेखापरीक्षणाच्या अहवालातलं एक वाक्य जोडलं होतं. ते वाक्य माझं होतं. त्याच्या पुढची तीन वाक्यंही माझीच होती. ती आदेशात नव्हती.

मी अमरावतीच्या एका सीए फर्ममध्ये नोकरी करते. दर तिमाहीला बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडून अकोल्याला जायचं, स्टेशनवरून ऑटोने मिल गाठायची, चार-पाच दिवस कागद बघायचे, मधल्या महिन्यांतही एखाद-दुसरी फेरी मारायची, असं हे काम. खरेदी अधिकारी मूर्तिजापूरचे. रोजचं अपडाऊन. मूर्तिजापूरला ते माझ्याच डब्यात चढत, समोर जागा असेल तर बसत आणि अकोला येईपर्यंत मिलबद्दल एक अक्षर बोलत नसत. "ऑडिटवाल्याईसोबत गाडीत बोललं तं तेबी लिहून घेते," असं ते शेजारच्या प्रवाशाला, मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत.

तुरीच्या खरेदीचं ऑडिट फर्ममधला दुसरा सहकारी करतो. माझ्याकडे बाकीची खरेदी होती: मशीनचे पट्टे, बेअरिंग, बारदाना, सुतळी, चाळण्यांच्या जाळ्या, आणि या पुरवठादारांची बिलं. पद्धत साधी आहे. दिलेली ऑर्डर, गेटवरची नोंद, स्टोअरची पावती आणि बिल एकमेकांशी जुळलं पाहिजे. जुळलं की पैसे योग्य गेले. जुळलं नाही तर विचारायचं.

मिलमध्ये आणखी एक नियम होता. बँकेच्या कर्जाबरोबर तो आला होता. ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक खरेदीसाठी तीन कोटेशनं घ्यायची आणि सर्वांत कमी दराला ऑर्डर द्यायची.

जुलैच्या ऑडिटला मी खरेदी विभागात बसले होते. जाळ्या बनवणारे गृहस्थ आले. साठीच्या आसपासचे, अकोल्यातच पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस चालवणारे. भरडलेली तूर ज्या चाळण्यांमधून जाते, त्यांच्या भोकं पाडलेल्या जाळ्या ते बनवतात. भोक थोडं मोठं झालं तर अख्खी डाळ तुटक्या दाण्यांच्या चुरीत जाते, लहान झालं तर चुरी डाळीत राहते. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवले.

"हे घ्या भाऊ. हे माहं. हे मूर्तिजापूरचं. अन् हे परतवाड्याचं."

अधिकाऱ्यांनी आधी कागदांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी जाळीवाल्यांना विचारलं, "तिन्ही तुम्हीच आणलीत?"

"मंग कोन आनीन ताई? त्याईले काय दुसरं काम नाई?"

"ती दुकानं कोणाची आहेत?"

"मूर्तिजापूरले माहा साळा हाय, खिडकीच्या ग्रिल बनवते. परतवाड्याचा दोस्त हाय. पाइपचं दुकान हाय त्याचं."

"ते जाळ्या बनवतात?"

"साळा?" ते हसले. "त्याले घरची चाळनी धरता येत नाई नीट."

ते गेल्यावर अधिकाऱ्यांनी तिन्ही कागद फाइलला लावले. मग म्हणाले, "मॅडम, हे कोटेशन म्हंजे वरात हाय. नवरदेव एकच असते. बाकीचे नाचाले आनतो. पन इथं नियम हाय का तीन नवरदेव पाह्यजे. मी कुठून आनू?"

"मॅनेजरना सांगितलंत?"

"दोनदा सांगतलं. ते म्हंते, फाइल पूर्ण करा. मंग मी पूर्ण करून राहिलो."

माझ्यासमोर झालेली गोष्ट मी लिहिणारच होते. लिहिण्याआधी तपासली. अकोल्यातल्या दोन दुकानांत चौकशी केली. या मापाची जाळी आम्ही करत नाही, असं दोघांनी सांगितलं. अमरावतीच्या एकाने, आमच्याकडे नाही पण अकोल्यात एक माणूस आहे, असं सांगून फोन नंबर दिला. तो याच जाळीवाल्यांचा होता. इंदूरच्या एका कारखान्याने दर दिला, तो वाहतूक न धरताही जास्त होता. मग मागच्या जाळ्यांच्या नोंदी पाहिल्या. गेट, स्टोअर, बिल, तिन्ही जुळत होते. दर पत्र्याच्या भावाबरोबर वाढला होता, त्याहून जास्त नाही.

अहवालाच्या मसुद्यात मी चार वाक्यं लिहिली. जाळ्यांची तिन्ही कोटेशनं एकाच पुरवठादाराकडून आली आहेत. या मापाच्या जाळ्या बनवणारा दुसरा पुरवठादार जवळपास नसल्याने आणि नियमाला तीन कागद लागत असल्याने असं घडतं. दर आणि माल तपासला, कंपनीचं नुकसान आढळलं नाही. एकच पुरवठादार असेल तिथे कारण नोंदवून एका कोटेशनवर खरेदी करण्याची तरतूद करावी.

मसुदा मी अमरावतीला आमच्या साहेबांकडे, म्हणजे फर्मच्या भागीदारांकडे दिला. ते म्हणाले, "मिलचे मालक दोन पानांच्या पुढे वाचत नाहीत. मी कोष्टक करून पाठवतो." कोष्टक मी पाहिलं ते नंतर. मुद्दा या रकान्यात माझं पहिलं वाक्य होतं. धोका या रकान्यात 'उच्च'. शिफारस या रकान्यात 'नियमाचे काटेकोर पालन करावे.'

ते कोष्टक मिलकडे गेलं, हे मला कळलं अधिकाऱ्यांच्या फोनवरून. त्यांनी आदेश वाचून दाखवला.

"मॅडम, हे तुमीच लिहेल हाय काय?"

"हो. पण त्याच्यापुढे अजून आहे."

"पुढचं कुठं हाय?"

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "अहवाल गेला. आपण होऊन दुरुस्ती पाठवली तर आपलंच काम कच्चं दिसतं. कंपनीने लेखी खुलासा मागितला तर देऊ."

पुढच्या खेपेला मी मिलच्या मॅनेजरना भेटले आणि माझा मसुदा त्यांच्या टेबलावर ठेवला. साहेबांना तसं सांगून आले होते. मॅनेजर नाशिककडचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी मसुदा वाचला. पुन्हा एकदा वाचला.

"बरोबर आहे तुमचं."

"मग आदेश मागे घ्या."

"पण हे अहवालात नाहीये, मॅडम."

"अहवालातलं वाक्य अर्धं आहे."

"खोटं आहे का?"

"खोटं नाही."

"मग मी कशाच्या आधारावर मागे घेऊ? तुमच्या फर्मने लिहून पाठवावं, मी लगेच मालकांसमोर ठेवतो."

"कंपनीने लेखी मागितलं तर फर्म देईल."

"कंपनी का मागेल? कंपनीला अहवाल मान्य आहे."

हे मी अमरावतीला येऊन सांगितलं. साहेब म्हणाले, त्यांना मागू दे. पुढच्या खेपेला ते अकोल्याला सांगितलं. मॅनेजर म्हणाले, तुम्ही पाठवा. मी दोन्हीकडे ईमेल केले. दोन्हीकडून पोच आली.

अधिकारी आता गाडीत दिसत नव्हते. गेटची पाळी लवकर सुरू होत असल्याने ते आधीच्या गाडीने येत. पगार तोच होता. त्यांच्या बढतीचा प्रस्ताव मात्र चौकशीच्या निकालापर्यंत थांबवला होता, आणि चौकशी समितीत मॅनेजर, हिशेब विभागाचे प्रमुख आणि स्टोअरचे प्रमुख असे तिघे होते. तिघांनाही मी मसुदा दिला होता. स्टोअरप्रमुखांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आमाले सारं माहीत हाय मॅडम. मीटिंग लागू द्या."

याच सुमारास जाळीवाल्यांचं आधीचं बिल अडकलं. संगणकावर त्यांच्या नावापुढे 'ऑडिट आक्षेप' असं आलं होतं. ते मला गेटवरच भेटले, अधिकाऱ्यांच्या खुर्चीपाशी उभे.

"काहून भाऊ, तुमची तरक्की झाली म्हंते," ते अधिकाऱ्यांना म्हणत होते. "आता सारा मिल तुमच्या इजाजतीनं उघडते."

"हो ना. कुत्रंबी माह्या सहीबिगर आत जाऊन नाई राहिलं."

मग जाळीवाले माझ्याकडे वळले. "ताई, तुमीच सांगा आता. चार कोटेशन आनू का पाच? साळे मले अजून दोन हायेत."

"एकच आणा. दुसरा कोणी बनवत नाही, असं त्याच्यावर लिहा."

"अन् ते घीन कोन?" अधिकाऱ्यांनी रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं.

एक ट्रक आला आणि ते नंबर घ्यायला उठले.

बिल मिळेपर्यंत नवीन जाळ्या देणार नाही, असं जाळीवाल्यांनी कळवलं. दिवाळीपूर्वी एका चाळणीची जुनी जाळी फाटली. डाळीत चुरी गेली आणि एका व्यापाऱ्याने मालाची गाडी परत पाठवली. गाडी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी संगणकावरचा आक्षेप काढून टाकला आणि बिल मंजूर केलं. त्यासाठी फर्मचं पत्र लागलं नाही. त्याच दिवशी मी अकोल्यात होते. मॅनेजरना विचारलं, जाळ्यांच्या बिलावरचा आक्षेप हटला, मग माणसावरचा का नाही?

"तो पेमेंटचा विषय होता," ते म्हणाले. "हा शिस्तीचा आहे."

खरेदी विभागात विक्री विभागातला एक तरुण माणूस आणला होता. त्याने कोटेशनं ईमेलने मागवायची पद्धत सुरू केली. कागद हातात घेऊन येणं बंद झालं.

जानेवारीच्या ऑडिटला मी जाळ्यांची नवी फाइल पाहिली. तीन ईमेल होते. तीन वेगळ्या पत्त्यांवरून आलेले, एकाच दुपारी. सर्वांत कमी दर जाळीवाल्यांचा होता. दुसरं कोटेशन मूर्तिजापूरच्या ग्रिलच्या दुकानाचं होतं, तिसरं परतवाड्याच्या पाइपच्या दुकानाचं. तिन्हींची छापील प्रत लावलेली होती आणि मॅनेजरची सही होती. नव्या अधिकाऱ्याला मी विचारलं, ही दुकानं जाळ्या बनवतात का?

"वेंडर लिस्टमध्ये आहेत, मॅडम," तो म्हणाला.

ती चार वाक्यं मी नव्या मसुद्यात पुन्हा लिहिली. कोष्टकात ती आली नाहीत. जुन्या मुद्द्यापुढे साहेबांनी 'पूर्तता झाली' असं नोंदवलं. चौकशीबद्दल विचारलं तेव्हा कळलं की हिशेब विभागाचे प्रमुख नोकरी सोडून गेले आहेत, त्यांच्या जागी सदस्य नेमलेला नाही, त्यामुळे समितीची बैठक झालेली नाही.

जाळ्या मी तिथे असतानाच्या आठवड्यात आल्या. गेटच्या रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर, नग आणि वेळ लिहिलेली आहे. खाली मूर्तिजापूरच्या जुन्या खरेदी अधिकाऱ्यांची सही आहे.