वरच्या खोलीची मालकीण

माझी मोठी बहीण गेली, हे मला तिच्या भाडेकरूनं कळवलं. मी अकोल्यात सकाळचा चहा टाकत होते. अमरावतीहून वैशालीचा फोन आला. "मावशी, तुमी निघा… शालूताई बोलून नाई राहिल्या." वैशाली नर्स आहे. काय झालं हे तिला कळलेलं होतं, फक्त शब्द तोंडातून निघत नव्हता. रात्रपाळी करून ती घरी आली, तेव्हा ताई जिन्याच्या खालच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेली होती. ऑटोत घालून तिनं दवाखान्यात नेलं, पण वाटेतच सगळं संपलं.

भाऊजी गेले तेव्हा ताईचा मुलगा कॉलेजात होता. साईनगरातल्या घरावर दोन खोल्या चढवायच्या आणि भाड्यानं द्यायच्या, असं तिनं ठरवलं. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "बाई, हप्ता कशातून भरणार?" "भाड्यातून," ती म्हणाली, "अन् खोली रिकामी रायली तर माह्या शिवणातून." तिला कर्ज मिळालं. विटा उतरवून घेण्यापासून स्लॅबवर पाणी मारण्यापर्यंत सगळीकडे ती स्वतः उभी राहिली. पुढे ओळखीपाळखीचे लोक तिच्याकडे सल्ल्याला येऊ लागले. फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यावा का, भाड्यातून हप्ता निघतो का, असे त्यांचे प्रश्न. ती शिवणयंत्र थांबवून सांगायची, "चार-सहा महिने भाडेकरू नाई भेटला तरी हप्ता भरता येत असंन, तरच घे. नाई तं झोप जाते." आणि भाडेकरू कसा निवडायचा? "करारनामा कर, पोलिसात नोंद दे. पण त्याच्या आंधी माणसाचं ऐकून घे."

वैशालीचं तिनं असंच ऐकून घेतलं होतं. परतवाड्याची मुलगी, नवऱ्यापासून वेगळी झालेली, एकटी, त्यात रात्रपाळी. तिला कुणी खोली देत नव्हतं. ताईनं दिली. मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. शेजारच्या काकू एक दिवस येऊन म्हणाल्या, "शालू, पोराचं लगन करायचं हाय तुले. लोक काय म्हनतीन?" मी तिथंच बसले होते. ताईनं सुईत दोरा ओवला आणि शांतपणे म्हणाली, "काकू, तुमी दवाखान्यात भरती होत्या तवा रातच्याले कोन बसलं होतं तुमच्याजवळ? नर्सच ना?" काकू उठून गेल्या. भाऊजी गेल्यावरही काकू ताईला हळदीकुंकवाला बोलवत; त्यानंतर मात्र कितीतरी संक्रांती ते बोलावणं आलं नाही. तिला ते लागलं होतं. मला एकदाच बोलली, "एवढ्या वर्साची शेजारीन हाय वं…" पण वैशालीला तिनं याची कधी कुणकुण लागू दिली नाही.

ताईला शेवटचं न्यायच्या वेळी काकू दारात आल्या, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि वैशालीच्या गळ्यात पडून रडल्या. ज्या समेटाची ताईनं वाट पाहिली, तो तिच्या डोळ्यांदेखत व्हायला हवा होता…

भाचा बंगळूरला असतो. खालचं घरही भाड्यानं द्यायचं ठरलं आणि भाडेकरू बघण्याचं काम माझ्याकडे आलं. ज्या स्वयंपाकाच्या ओट्यापुढे ताईनं जन्म काढला, तो परक्या माणसांना दाखवण्याआधी मी पदरानं पुसून घेई. शेवटी पातूरचं एक नवं जोडपं पसंत पडलं. गेल्या आठवड्यात माझ्यासमोर त्यांचं सामान उतरलं. दिवेलागणीला वैशाली वरून पिठलं, भाकरी आणि पाण्याची कळशी घेऊन खाली आली. पहिल्या संध्याकाळी नव्या बिऱ्हाडाला चूल पेटवू द्यायची नाही, ही ताईची रीत. वैशाली आली त्या दिवशी तिच्यापुढेही असंच ताट आलं होतं.

घर पाहायला नवरा एकटाच आला होता; त्याची बायको आता संकोचली. "तुमी मालकीन हाय का?"

"नाई, मी वरची भाडेकरू."

"मंग मालकीनबाई कुठं रायतेत?"

वैशालीनं ओट्यावर हात ठेवला. "इथंच…" ती म्हणाली. ‘होत्या’ म्हणायचं सोडून तिनं पिठलं-भाकरी त्या मुलीपुढे सरकवली.