माहेरच्या माणसाला दिलेले घोडे

आधी हसून घ्या, मग सांगते. मधीच कुणी हसलं की मला पुढचं आठवत न्हाई.

एक अख्खं राज्य बुडवलंय बाई मी! हो, मीच. वडवणीत, आमच्या स्वयंपाकघरात, डाळ निवडता निवडता.

राज्य माझ्या लेकीचं. ऋतुजा, बारावीला हाय. तिच्या मोबाईलात लढायांचा गेम हाय. जुना काळ, किल्ले, हत्ती, तोफा, सगळं. उन्हाळाभर खपून पोरीनं त्यात किल्ला बांधला. त्या दिवशी स्पर्धेचा शेवट होता. दिवस मावळेपर्यंत किल्ला टिकला की तिची टोळी जिंकणार. आन नेमकी तिची बीडला परीक्षा! तिथं मोबाईल आत नेऊ देत न्हाईत, म्हणून घरी ठेवला.

जाताना म्हणली, "आई, कोठार भरलं की फक्त त्याच्यावर बोट ठेव. बाकी कश्शाला हात लावू नको."

"अगं, मी घर चालवते. तुझा किल्ला चालवणं काय अवघड हाय?"

"त्याचंच भेव वाटतंय," म्हणली.

खरं सांगू? किल्ला बघून माझी निराशाच झाली. एवढं सैन्य उभं, पण चूल एक न्हाई! जेवतात काय हे? बाईमाणूस म्हणाल तर एकच. हंडा घेऊन विहिरीवर जायची, यायची, परत जायची. लढाई म्हणजे नुसते पुरुष आन तोफा! ज्यानं हा गेम बनवला त्यानं कधी पंगत वाढलेली न्हाई, एवढं नक्की.

दुपारी टुंग वाजलं. शेजारच्या राज्यानं गहू पाठवला होता. राजाचं नाव काय? 'कड्याचा वाघ'!

आता कडा म्हणजे माझं माहेर. तुमीच सांगा, माहेरच्या माणसानं गहू पाठवला आन आपण गप बसायचं? आपल्यात शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात न्हाई! काय देता येतंय ते बघितलं. घोडे लई होते. नुसते उभे राहून खात होते. दिले थोडे.

त्यानं तेल पाठवलं. मी आणखी घोडे दिले. त्यानं लाकूड पाठवलं. मी हत्ती! माहेरी आपला हात आखडता दिसू नये ना.

मग मीच लिहिलं, "मी बी कड्याचीच. तू कोणत्या आळीचा रे?"

"मारुतीच्या देवळामागं."

"अगं बाई! आमच्या परसाला लागून की!"

"मग तुमी आमच्या आत्याच झाल्या. आत्या, आत घेता का न्हाई? वेशीबाहेर उन्हात उभा हाय."

आत्या म्हणला हो! माझा जीव सुपाएवढा झाला. खरंच बाहेर त्याची माणसं उभी होती.

आमचे हे मागून डोकावले. "अगं, भाचा हाय तर भाला कावून आणलाय?"

"माझ्या माहेरचं कुणी आलं की तुमाला असंच दिसतं!" म्हणलं, आन दार उघडलं.

पुढं काय सांगू! भाचा आत आला तो माझ्याच घोड्यावर. माझ्याच हत्तीनं कोठार पाडलं. चहा घेतो का, एवढं लिहीपर्यंत झेंडा बदललेला! ढोल वाजले आन पडद्यावर अक्षरं आली, 'किल्ला पडला. पुन्हा सुरू करायचं?' घ्या! एवढी कत्तल झाली आन विचारतंय कसं, भाजी आणखी वाढू का म्हणल्यासारखं. खऱ्या इतिहासात असं बटण असतं तर! आन ती हंड्याची बाई? राज्य गेलं तरी विहिरीवर चाललेली. नवा राजा आला म्हणून तिची खेप काय चुकली न्हाई.

संध्याकाळी ऋतुजा आली. माझं तोंड बघूनच समजली. पण पोर गुणाची. टोळीतल्या मैत्रिणींचा फोन आला, सगळ्या एकदम ओरडायला लागल्या, "दार कुणी उघडलं? फितूर कोण?"

ऋतुजा म्हणली, "लाईट गेलती गं. नेटच नव्हतं."

आता मला खोटं सहन होत न्हाई. मी पोळी लाटता लाटता ओरडले, "कावून खोटं बोलतीस? लाईट होती की! दार मी उघडलं. आन घोडे काय फुकट दिले का? त्यानं आधी गहू पाठवला होता!"

फोनवरून कुणीतरी हळूच म्हणलं, "काकू... हत्तीपण?"

ऋतुजानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात परत टुंग. कड्याच्या वाघानं सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं, "आमच्या आत्याला कुणी काही बोलायचं न्हाई. पुढच्या लढाईला बी किल्ल्यावर त्यांनाच ठेवा."

मी लेकीला म्हणलं, "बघ! शेवटी माहेरचं माणूसच बाजू घेतं का न्हाई?"