तिसऱ्या रकान्यातली भिंत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आर्वी तालुक्यातल्या एका घराच्या नावापुढे, सरकारी फॉर्मवर, मी माझ्या हाताने ‘भिंत पोतलेली’ असं लिहिलं, आणि लिहिताना ती भिंत पोतलेली नाही हे मला स्वच्छ दिसत होतं.

झालं लिहून. आता बाकीचं सोपं जाईल. बाकीचं सांगायला तर मी कधीचा उतावीळ आहे, कारण माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे तीन आठवडे या खोट्या शब्दांच्या लगेच नंतरचे आहेत. पण दोन्ही एकमेकांत असे गुंतलेत की आनंद सांगायचा तर खोटंही सांगावं लागतं. म्हणून मी दोन्ही गिळून बसलो होतो.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. गेला गेला म्हणत होते तो हिवताप परत आला होता आणि मी त्या खात्यात कीटक संग्राहक होतो. हुद्दा भारदस्त, काम डास पकडायचं. सकाळी लवकर गावात जायचं, एका हातात बॅटरी, तोंडात रबराची नळी, तिच्या पुढे काचेची नळी. गोठ्यात, माळ्याखाली, उतरंडीमागे भिंतीवर डोकं खाली आणि शेपूट वर करून बसलेला डास दिसला की काच त्याच्यावर धरायची आणि हलकेच श्वास ओढायचा. दोन नळ्यांच्या मध्ये जाळीचा तुकडा असे, म्हणून डास काचेतच राही. गावातल्या म्हाताऱ्यांचा मात्र या जाळीवर विश्वास नव्हता. ‘हा मानूस मच्छर पेते,’ असं ते एकमेकांना सांगत, आणि मी आलो की कुणीतरी हमखास विचारी, ‘काय भाऊ, नाश्ता झाला का?’

डास मारायला घरोघर आतून डीडीटी फवारत. पावडरीचे पांढरे ओघळ भिंतीवर वाळत, त्यावर डास बसला की मरायचा. अट एकच, अडीच महिने भिंतीला माती लावायची नाही. आता गंमत बघा. फवारा यायचा श्रावणात आणि भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या. महालक्ष्म्या घरात येणार आणि भिंतीवर ओघळ राहणार, हे आमच्याकडच्या कुठल्या बाईला चालेल? फवारणीवाले वेशीबाहेर पडले की पांढरी माती भिजत पडायची आणि तिने भिंती पोतल्या जायच्या. औषध मातीखाली जायचं. आमच्या फॉर्ममध्ये म्हणून तीनच रकाने होते: घर बंद, फवारणीस नकार, भिंत पोतलेली. डास मेले नाहीत तर या तिघांपैकी एक कारण, चौथं नाही.

रोहण्याच्या पलीकडच्या एका लहान गावात एका मोहल्ल्यात घरोघर ताप होता. तापात एका सुनेचं पोटातलं मूल सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा इन्स्पेक्टर साहेबांबरोबर मला तिकडे धाडलं. साहेब पंचायतीत बसले, मी घरं बघत फिरलो. त्या सुनेच्या शेजारचं घर एका चाळिशीतल्या बाईचं होतं. मोहल्ल्यातल्या मोठ्या महालक्ष्म्या तिच्याच घरी बसत, अख्खा मोहल्ला तिथे जेवायला येई, आणि तिच्या भिंतींची टापटीप सासुरवाशिणींना दाखला म्हणून सांगत. म्हणजे संशय आधी तिच्यावरच.

मी तिच्या आतल्या भिंतीवर पारदर्शक शंकू चिकटवला आणि तिच्याच गोठ्यातले डास त्यात सोडले. अर्धा तास थांबायचं, मग ते डास पेल्यात ठेवून दुसऱ्या दिवशी मेले किती ते मोजायचं. अर्धा तास ती चहा घेऊन समोर बसली. देवी बसणार त्या भिंतीवर तिने नवं लुगडं आडवं लावून ठेवलं होतं. मी विचारलं तसं तिने एका बोटाने ते वर उचललं. खाली पावडरीचे ओघळ, छतापासून खालपर्यंत, जसेच्या तसे.

‘तुमीच म्हनलं ना भाऊ, पोतू नका. मी नाई पोतलं. पन देवीले हे वघळ दिसाले नाई पायजे, म्हनून लुगडं लावलं,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘एक सांगू का? पयले तुमचा फवारा झाला का ढेकणं पटापट मरत. आता ढेकणं बी मरून नाई राह्यले. ढेकणं नाई मरत, तं मच्छर काऊन मरतीन?’

मी हसलो. आजही आठवतं, मी अगदी मोकळेपणाने हसलो.

दुसऱ्या दिवशी पेल्यातले बहुतेक डास उडत होते. मी साहेबांना सांगितलं, भिंत चांगली आहे आणि डास जिवंत आहेत. साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. असा रकाना कुठे आहे ते दाखवा, म्हणाले. मला नोकरीत कायम करणारी ऑर्डर अजून यायची होती. मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं. दुपारी पंचायतीत साहेबांनी ते वाचून दाखवलं आणि वर म्हणाले की एका घराच्या हौसेपायी शेजारचं लेकरू गेलं. ती दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी पिशवीचा पट्टा आवळत होतो.

पण पेल्यातले डास मी फेकले नव्हते.

इथून पुढे माझी गाडी उधळली. ओल्या कापडात गुंडाळून ते पेले मी एसटीने वर्ध्याला आणले. ऑफिसात चाचणीचे कोरे करकरीत कागद होते, डीडीटी मुरवलेले. त्या गावचे डास नळीत, आत कागद, एक तास. दुसऱ्या दिवशी बघतो तर निम्म्याहून जास्त उडताहेत. कागदच शिळा असेल म्हणून तळेगावच्या मागे डोंगरात एक वस्ती होती, जिथे फवारणीवाले कधी पोचलेच नव्हते, तिथून डास आणले. तोच कागद, तोच तास. सगळे पाय वर करून पडले. कागद चोख होता, म्हणजे फरक डासांत होता.

मला वाटलं, सवय झाली असणार. तंबाखूची होते तशी. वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई कधीमधी आमच्याकडे नमुने मागायला येत, त्यांना मी हे ऐटीत सांगितलं. बाईंनी चष्मा काढला.

‘सवय? मग जे जगले त्यांची पोरं वाढवून बघा. पोरांनी पावडर पाहिलेलीच नसेल. त्यांना सवय कुठून असणार?’

ऑफिसात जागा नव्हती. घरची परात घेतली, त्यात ओढ्याचं पाणी, वर मच्छरदाणीचा तुकडा. जगलेल्या माद्यांनी पाण्यावर अंडी घातली, काळी, बारीक, तिळाच्याही शंभराव्या भागाएवढी. दोन दिवसांत अळ्या सुटल्या, पाण्याच्या अंगाला अंग लावून आडव्या पसरलेल्या. बिस्किटाचा चुरा मी चिमटीने टाकायचो. बायकोने पहिल्या दिवशी कपाळावर हात मारला. ‘लोकं कोंबड्या पायतात, बकऱ्या पायतात. आमच्या घरी मच्छर,’ असं तिने शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. पण चौथ्या दिवशी परातीवर टपलेल्या पालीला झाडूने हाकलताना ती मला सापडली, आणि पुढे तर मी ऑफिसातून आलो की तीच विचारायची, तुमच्या पोरी जेवल्या का म्हणून.

दहा-बारा दिवसांत कोष फुटले आणि नवे डास निघाले. भिंत न पाहिलेले, पावडरीचा कणही अंगाला न लागलेले. मी त्यांना कागदाच्या नळीत सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचं कुलूप मीच उघडलं. नळी उजेडात धरली. काही पडले होते. बहुतेक उडत होते. मी मोजले, पुन्हा मोजले, शिपायाला मोजायला लावले, आणि चहा न पिता सायकलवर टांग मारून बाईंच्या कॉलेजात गेलो. त्या वर्गावर होत्या. मी दारात नळी उंच धरून उभा राहिलो, वरातीतल्या दिवटीसारखी. मुली हसायला लागल्या. बाईंनी नळीकडे पाहिलं आणि खडू खाली ठेवला.

त्या दिवशी बाईंनी मला जे सांगितलं ते मी बाकावर मुलींच्या मागे बसून ऐकलं. डास काहीच शिकले नव्हते. लाखो डासांत दोन-चार जन्मतःच असे असतात की त्यांना पावडर बाधत नाही, आणि पावडर नव्हती तोवर या वेगळेपणाचा त्यांना काही उपयोग नव्हता. आपण घरोघर, वर्षानुवर्षं एकच चाळणी धरली. बाकीचे खाली गळून गेले. वर जे राहिले त्यांचीच वीण पुढे वाढली, आणि आता गावभर तीच. मला वाटायचं, उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांपूर्वीची माकडं आणि हाडं. ती माझ्या परातीत, बिस्किटाचा चुरा खात होती! बाई पुढे म्हणाल्या की दवाखान्यातही हेच चाललंय. क्षयाचा रोगी बरं वाटलं की गोळ्या अर्ध्यावर सोडतो. तेव्हा मरतात ते कच्चे जंतू, पक्के मागे राहतात आणि खोकल्यातून घरच्यांकडे जातात. म्हणून रोगाशी लढणाऱ्याने औषध मारतं किती एवढंच विचारू नये, मागे कोण उरतं हेही विचारावं. एकच पावडर धरून बसू नये. पावडर बदलावी, खड्डे बुजवावे, विहिरीत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडावे.

मी परतताना सायकलवर मोठमोठ्याने स्वतःशी बोलत होतो. कपाशीच्या पराटीवरच्या अळ्या, गोदामातले उंदीर, जिथे बघावं तिथे मला चाळण्या दिसायला लागल्या. आणि बजाज चौकाच्या अलीकडे एकदम आठवलं: ढेकूण. ढेकणं नाई मरत, तं मच्छर काऊन मरतीन. बाईंनी पाऊण तास घेऊन जे सांगितलं त्याचा पहिला पुरावा मला तीन आठवड्यांपूर्वी चहासोबत मिळाला होता. ज्या घरात मिळाला त्याच घरावर मी खोटं लिहिलं होतं.

मी साहेबांकडे गेलो. चाचणीचा कागद बघून ते खूश झाले, खरंच झाले, खांद्यावर थाप मारली, वर पाठवतो म्हणाले. मग मी त्या घराचा फॉर्म बदलू का विचारलं. ते म्हणाले:

‘एकाच घरावर दोन कागद कसे जातील हो? खाली सही तुमची आहे, माझी नाही.’

मी फॉर्म बदलला नाही. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, मीच नाही बदलला. पुढच्या वर्षी त्या भागात दुसरी पावडर आली, उग्र वासाची, आणि ताप उतरला. माझी ऑर्डर आली. नव्या पोरांना शिकवायला मला बोलावू लागले. वर्गात सुरुवातीलाच मी म्हणायचो, ‘ढेकूण मरत नाहीत, तर डास का मरतील?’ पोरं हसायची आणि लगेच समजायची. वाक्य कुणाचं, हे मी एकदाही सांगितलं नाही. दहा-बारा वर्षं ते माझंच म्हणून चाललं.

चार वर्षांपूर्वी आर्वीच्या बसस्टँडवर ती भेटली. मी तोंड फिरवलं, पण तिने ओळखलं होतं. पिशवी खाली ठेवून, अगदी शांतपणे ती म्हणाली, ‘साहेब, यंदा बी नाई पोतलं बरं का.’

तेव्हा भाऊ म्हणायची. मी काहीतरी बोलायचं म्हणून महालक्ष्म्या कशा झाल्या विचारलं. मी ते लिहिलं त्या वर्षी मोहल्ल्यातून जेवायला कुणी आलं नाही, तिने सांगितलं. स्वयंपाक गायींना घातला. पुढच्या वर्षी बी तेच, मग मुखवटे दिराच्या घरी नेऊन दिले. आता तिथेच बसतात. ती तिथे पोळ्या लाटायला जाते. शेजारची सून अजून तिच्याशी बोलत नाही. हे सगळं तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, बस कुठे लागते ते सांगावं तसं सांगितलं.

माझी बस लागली. मी ‘येतो’ म्हणालो आणि चढलो.

वर्गात मी आता ते वाक्य म्हणत नाही. पण ते काही देणं फेडणं नव्हे. देणं असं आहे: त्या मोहल्ल्यात भादव्यात, सगळे जेवायला बसलेले असताना, मला उभं राहून सांगायचं आहे की त्या घराची भिंत पोतलेली नव्हती, ओघळ मी डोळ्यांनी पाहिले होते, डास बदलले होते, आणि ही गोष्ट सगळ्यात आधी तिला कळली होती. शेजारच्या सुनेकडे बघून सांगायचं आहे. ते मी अजून केलेलं नाही.