हरिचंद्रकाकांचं गाऱ्हाणं

चामटोलीत दिवाळीचे कंदील उतरले की गावदेवीच्या मागच्या मैदानावर पोरं माती चाळायला घेतात. खडे वेचतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात. चार दिवसांत कबड्डीचं मैदान तयार होतं, अनवाणी पाय टेकवला की गार लागणारं. मग रोज पहाटे तिथं आठ-दहा पोरं घाम गाळताना दिसतात, आणि कडेला, उलट्या घमेल्यावर, गळ्याला मफलर गुंडाळून एक म्हातारा बसलेला दिसतो. पोरं दमून पाणी प्यायला आली की तो मान हलवतो आणि म्हणतो, "यंदा काय खरं नाय."

हे हरिचंद्रकाका. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं खोकी बांधली. तरुणपणी डावा कोपरा सांभाळायचे. त्यांनी घोटा धरला की माणूस सुटत नसे, असं त्यांच्या वयाची माणसं अजून सांगतात. खेळणं सुटलं, बघणं सुटलं नाही. गेल्या चाळीस वर्षांत आमच्या नवतरुण क्रीडा मंडळाचा एकही सामना त्यांनी चुकवला नाही, आणि एकाही सामन्याआधी आपण जिंकू असं ते म्हणाले नाहीत.

त्यात आकस नव्हता. त्यांना दिसायचंच तसं. कप्तान प्रमोदचा डावा गुडघा वाकताना किंचित थांबतो, ते डॉक्टरच्या आधी काकांना कळलं होतं. भूपेश हा गावातला सगळ्यात चपळ चढाईपटू. त्याला बदलापूरच्या एका संघाने बूट, ट्रॅकसूट आणि नोकरीचं आश्वासन देऊन नेलं, तेव्हा गाव महिनाभर चकित होतं. काका मात्र म्हणाले, "मागच्या होळीपासून तो मैदानावर उशिरा यायला लागला होता." आणि हल्ली सामने मॅटवर होतात. मातीवर पाय सरकवून वळायची सवय झालेली आमची पोरं मॅटवर वळायला जातात, पाय जागेवर चिकटतो आणि अंग पुढे जातं. हे सगळं दिसत असताना जिंकू म्हणायचं तरी कसं?

आता गाऱ्हाण्याचं सांगतो. हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे गावदेवीला नारळ देतात. जुन्या खेळाडूंतला सगळ्यात वडील माणूस नारळ हातात घेऊन गावाच्या वतीने देवीशी मोठ्याने बोलतो. तो एकेक वाक्य बोलणार आणि मागे उभा असलेला गाव "होय आई" म्हणणार. मग नारळ फुटतो आणि सगळा संघ त्या माणसाच्या घरी चहा-भाकरीला जातो. हा मान गेली बारा वर्षं हरिचंद्रकाकांचा.

काका देवीसमोरही खोटं बोलत नसत. नारळ उंच धरून ते सांगायचे, "आई, पोरं मेहनती हायेत, पण कमी पडतील असं मला दिसतं. पहिल्या फेरीत गेली तर जाऊ दे, हातपाय धड ठेवून घरी आण." गाव "होय आई" म्हणायच्या आत बायकांच्या घोळक्यातून त्यांची बायको काशीकाकू खणखणीत आवाजात म्हणायची, "नाय गं आई! यांचं ऐकू नको! यांना लग्नातसुद्धा पाऊस पडंल असं वाटत होतं. तू कप दे!"

गाव हसायचं आणि होय नक्की कुणाला म्हणायचं ते न ठरवता "होय आई" म्हणून मोकळं व्हायचं. घरी जातानाही दोघांचं तेच चालायचं.

"हरतील."

"जिंकतील."

"अगं गुडघा बघ त्याचा."

"तुमी गुडघा बघा, मी पोर बघते."

दोनदा कप आलासुद्धा. तेव्हाही काका हरतील असंच म्हणाले होते. त्यांना कुणी काही बोललं नाही.

काशीकाकू गेली त्याला आता अडीच वर्षं झाली. तेव्हापासून दोन हंगामांचं गाऱ्हाणं काकांनी एकट्याने घातलं. तेच शब्द, तोच आवाज. मागून कुणी "नाय गं आई" म्हणालं नाही. गावाने नुसतंच "होय आई" म्हटलं, आणि दोन्ही वर्षं पोरं पहिल्याच फेरीत बाहेर पडली. गेल्या वर्षी कुणीतरी त्या गाऱ्हाण्याचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली एकाने लिहिलं, "पनौती." काकांच्या फोनमध्ये ग्रुप नव्हता, पण गाव केवढं असतं?

यंदा नारळाच्या तीन दिवस आधी प्रमोद संध्याकाळी काकांच्या घरी आला. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"काका, पोरांचं एक म्हणणं हाय."

"चहा टाकू?"

"नको. काका, यंदा गाऱ्हाण्यात फक्त कप येऊ दे, एवढंच बोला. बाकी काय नको."

काका त्याच्या गुडघ्याकडे बघत होते. "येईल असं वाटतं तुला?"

"वाटायचं काय त्यात? बोलायचं."

"देवीला?"

"मंग कुणाला?" प्रमोदचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "नाय जमलं तर अण्णांना सांगू, असं पोरं म्हणतात. मी नाय म्हणत. पोरं म्हणतात."

अण्णा म्हणजे काकांच्याच संघातले उजवे कोपरे, त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. बोलायला गोड. लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायला सगळे त्यांनाच पुढे करतात.

"बघतो," काका म्हणाले.

प्रमोद गेल्यावर त्यांनी दार लावलं. त्या दाराने हल्ली फारशी माणसं येत नाहीत. मुलगी भावना चिखलोलीला, नव्या इमारतीत राहते, रविवारी फोन करते. दूधवाला बाहेरूनच पिशवी अडकवतो. वर्षातून एकदा बारा-पंधरा पोरं त्या घरात शिरतात, चपलांचा ढीग पडतो, पिण्याच्या पाण्याचा हंडा संपतो, कुणीतरी भाकरीचा तुकडा पाडतं, कुणीतरी काशीकाकूच्या फोटोला हात लावून जातं. तो रविवार गेला, तर मग काय उरलं, हे काकांना बरोबर कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सराव करून पाहिला. भांडी घासताना म्हणाले, "आई, कप येऊ दे." रेडिओवर कुणीतरी वाचून दाखवावं तसं वाटलं. अंगणात जरा मोठ्याने म्हणाले. शेजारच्या बनूबाईंनी कुंपणावरून विचारलं, "काय भाऊजी, काय पाहिजे?" ते आत गेले. भावनाला फोन लावला.

"बाबा, एक वाक्य तर आहे. बोलून टाका ना."

"ते माझं वाक्य नाय गं."

"मग कुणाचं आहे?"

पलीकडे तिच्या कुकरची शिट्टी झाली. "बाबा, मी नंतर करू?" ती म्हणाली.

शनिवारी त्यांनी दोन लिटर दूध जास्त सांगितलं. बनूबाईंना वीस भाकऱ्या टाकायला सांगितल्या. म्हणजे ते वाक्य बोलायचं त्यांनी ठरवलं होतं.

रविवारी सकाळी गावदेवीपुढे गाव जमलं. पोरं नव्या निळ्या जर्सीत, अर्ध्यांचे हात फोन धरून वर. काका धुतलेला सदरा घालून पुढे झाले. नारळाला हळद-कुंकू लागलं. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि उंच केला.

"आई," ते म्हणाले.

"होय आई," गाव म्हणालं.

पुढचं वाक्य येईना. शेंडी वर करून धरलेला नारळ हळूहळू छातीपर्यंत खाली आला. प्रमोद अगदी समोर उभा होता, डावा पाय किंचित सैल सोडून, भार उजव्यावर. तो मान हलवून खुणावत होता, बोला, काका, बोला. काकांनी बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. तिथल्या बायकाही वाट बघत होत्या.

ते वळले आणि नारळ अण्णांच्या हातात दिला. "तू बोल. मला नाय जमत."

अण्णा बोलले. कप मागितला, ढाल मागितली, पोरांना नोकऱ्या मागितल्या, गावाला पाणी मागितलं. प्रत्येक वाक्यावर गाव उसळून "होय आई" म्हणत होतं. नारळ एका फटक्यात फुटला. काकांना खोबऱ्याचा तुकडा मिळाला, सगळ्यांना मिळतो तसा. मग चपला शोधण्याची गडबड झाली आणि संघ अण्णांच्या घराकडे गेला, कारण रीत तशीच आहे. मुद्दाम कुणी काकांना टाळलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

काकांनी घरी येऊन दूध तापवलं. पातेलं मोठं होतं. साय धरेपर्यंत ते त्याच्याकडे बघत बसले. मग सगळ्या भाकऱ्या बनूबाईंना परत नेऊन दिल्या. त्या म्हणाल्या, "अवो, मी काय करू वीस भाकऱ्यांचं?" आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघून भाकऱ्या आत घेऊन गेल्या.

पुढच्या शनिवारी बदलापूरला पहिला सामना होता, दुपारी चार वाजता, उल्हासनगरच्या संघाशी. पोरांचा टेंपो दोनला गेला. दरवर्षी टेंपो काकांच्या दारात हॉर्न वाजवायचा. यंदा नारळ अण्णांचा, म्हणून हॉर्नही अण्णांच्या दारात वाजला. काका शेअर रिक्षाने गेले आणि पत्र्याच्या गॅलरीत, जिथे जागा मिळाली तिथे, उल्हासनगरच्या माणसांत बसले.

शेजारी साठीचा एक सिंधी दुकानदार होता. त्याच्या दुकानातला मुलगा उल्हासनगरच्या संघात खेळत होता. त्याने पिशवीतून भाजलेला पापड काढला, मोडला आणि अर्धा काकांपुढे धरला. "लो साईं. कुठले तुम्ही?"

"चामटोली."

"अरेरे." तो मनापासून हळहळला. "चामटोलीचा काय खरं नाय आज. तुमचा तो कप्तान बघा, लंगडतो. आणि मॅटवर पाय फिरत नाय पोरांचा. मातीचे खेळाडू हायेत. पहिल्या राउंडमधे बाहेर."

काकांचा पापड हातातच राहिला. त्यातलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं. रोज पहाटे घमेल्यावर बसून ते स्वतः हेच म्हणत आले होते.

"कोण लंगडतो?" ते म्हणाले.

"तो निळा. दस नंबर."

"तो लंगडत नाय. तो दाखवतो लंगडल्यासारखं. तुमचा चढाईवाला फसेल बघा."

"मजाक करता काय साईं?"

"बघा तुम्ही. गुडघा काय बघता, पोर बघा."

मध्यंतराला आम्ही सोळा-नऊ असे मागे होतो. दुकानदार म्हणाला, "बोललो ना." काका म्हणाले, "अजून वीस मिनिटं हायेत. थांबा." दुसऱ्या डावात प्रमोदने त्यांच्या मोठ्या चढाईवाल्याचा घोटा धरला आणि सोडला नाही. काका उभे राहिले. मग आणखी एक पकड झाली. आमच्या नव्या पोराने एका चढाईत दोन गडी मारले, समोर एकच माणूस उरला, तोही धरला गेला आणि लोण चढला. काका पत्र्यावर पाय आपटत ओरडत होते, "सोडू नको! पोरा, सोडू नको!" दुकानदार त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवू बघत होता, "बैठो साईं, गिर जाओगे," आणि ते त्याला सांगत होते, "जिंकतील! तुम्हाला काय कळतं? जिंकतील!"

सत्तावीस-सव्वीस. एक गुण कमी पडला. शेवटच्या चढाईत आमच्या पोराचा पाय मॅटवर वळताना चिकटला.

दुकानदाराने जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अच्छी टीम है आपकी," तो म्हणाला. काका मॅट गुंडाळेपर्यंत बसून राहिले.

बाहेर रस्त्याला ते रिक्षा बघत उभे होते, तेव्हा टेंपो थांबला. अण्णा पुढे ड्रायव्हरजवळ डुलक्या घेत होते. मागे प्रमोद सरकला. "चढा काका."

कुळगाव मागे पडलं. मग प्रमोद म्हणाला, "बोला काका. 'बोललो होतो ना' असं बोला एकदाचं."

काकांनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

"आवाज कुठं गेला?"

"काका ओरडत होते," शेवटची चढाई केलेला पोरगा म्हणाला. तो तोपर्यंत मान खाली घालून बसला होता. "जिंकतील म्हणून. एका शेटबरोबर भांडत होते. मला मॅटवर ऐकू येत होतं."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रमोद काकांकडे वळला. "तुमी? जिंकतील?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

त्यांच्या गल्लीशी टेंपो थांबला, तेव्हा प्रमोद त्यांना उतरवायला खाली आला. "काका, पुढच्या वर्षी नारळ तुमीच घ्या. मी बोलतो पोरांशी."

काकांनी मान हलवली. कुजबुजल्यासारखं ते म्हणाले, "अण्णालाच दे. तो बरा बोलतो. मला फक्त टेंपोत जागा ठेव."

"ठेवतो," प्रमोद म्हणाला. टेंपो पुढे गेला.

काकांनी कुलूप काढलं, दिवा लावला. चपला काढून ते तसेच दारात उभे राहिले. सांगायचं खूप होतं. प्रमोदने घोटा कसा धरला, नवा पोरगा पायाकडे न बघता कसा वळला, तो शेट शेवटी काय म्हणाला. घरात ऐकायला कुणी नव्हतं, आणि सांगायला आवाजही उरला नव्हता. त्यांनी दार पुढे लोटलं आणि गुळण्या करायला मिठाचं पाणी गरम करत ठेवलं.