व्हर्लिनचे अभ्रे आणि ऑरिनच्या पिशव्या

व्हर्लिन होबॅकच्या जळफळाटावर आख्खा हिवाळा घर गरम ठेवता येईल, लाकूडफाटा आणायची गरज नाही, असं त्याची बायको नेल्डा म्हणते, आणि नेल्डा उगाच बोलणाऱ्यांतली नाही. शेजाऱ्यानं नवी शेगडी बसवली की व्हर्लिनला स्वतःच्या घरात हुडहुडी भरायची. पाद्रीबाबांनी नवा ट्रक घेतला तेव्हा हा कितीतरी रविवार चर्चकडे फिरकला नाही. गुडघा दुखतो म्हणाला. दुखत होतं पोट. रस्त्यावरचा बर्फ लोटायची सरकारी गाडी तो निवृत्त होईपर्यंत चालवायचा. दुसऱ्या ड्रायव्हरला नवी गाडी मिळाली त्या वर्षी व्हर्लिनच्या वाट्याच्या रस्त्यांवर बर्फ जास्त दिवस राहिला, असं पोस्टातली बाई अजून सांगते.

फक्त एका माणसाचा त्याला कधी हेवा वाटला नव्हता. ऑरिन टटलचा. कारण ऑरिन त्याचाच होता.

दोघं तरुणपणापासून दर शरदात बार्लो क्रीकच्या वरच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला जात. एल्क म्हणजे हरणाच्या जातीचं, पण घोड्याएवढं धूड. ते कोणी खांद्यावर टाकून आणत नाही. पडेल तिथंच कापायचं, चारही पाय वेगळे करायचे, एकेक पिशवीत घालायचं आणि पाठीवर बांधून खाली ट्रकपर्यंत उतरायचं. ज्यानं गोळी घातली त्यानं शिंगं घ्यायची आणि दुसऱ्यानं पहिली मागची तंगडी उचलायची, ही दोघांची रीत. मांस निम्मं निम्मं.

आणि पिशव्या व्हर्लिनच्या. पिशव्या कसल्या, नेल्डाचे जुने सुती अभ्रे! कोपऱ्यात गुलाब भरलेले. रक्तानं भिजले की चिंब होऊन जड व्हायचे, वाळायचे नाहीत, आणि विणीतून माश्या आत अंडी घालून जायच्या. पण मोसम संपला की व्हर्लिन ते अभ्रे शेडमधल्या जुन्या मशीनमध्ये स्वतः धुवायचा, वाळवायचा, घड्या घालून ठेवायचा. ती मशीन रक्ताच्या कपड्यांसाठीच ठेवलेली. घरातल्या मशीनजवळ नेल्डा त्याला उभं करत नसे. डोंगरात ऑरिनची नजर तेज, पाय तेज, नेमही तेज. व्हर्लिनकडे अभ्रे होते.

आता पुढचं ऐका. ऑगस्टच्या शेवटी व्हर्लिन खिळे आणायला दुकानात गेला, तर शिकारीच्या सामानाच्या फळीसमोर ऑरिन उभा, आणि शेजारी केलन ट्रॅस्क. हा ट्रॅस्क शहरातून येऊन इथं घरं-जमिनी विकायचा. दाढी अशी कोरलेली की बायका वळून बघत. दोघं डोकी जोडून पिशव्या निवडत होते.

"ही जाळीची नको," ट्रॅस्क सांगत होता, "ताणली की भोकं मोठी होतात, माशीला दारच उघडून दिल्यासारखं. ही घ्या. वीण बारीक, पण हवा जाते. वजन काही नाही. धुवा आणि पुन्हा वापरा, वर्षानुवर्षं. आणि ही चमकणारी पट्टी बघा, अंधार पडला तरी बॅटरीच्या उजेडात सापडते."

"पांढरी का?" ऑरिननं विचारलं.

"घाण कुठं लागली ते कळतं."

व्हर्लिन खिळ्यांच्या खोक्याआडून पुढं झाला. "अरे वा. लग्नाचा शालू निवडताय का?"

"व्हर्लिन! बरा भेटलास," ऑरिन म्हणाला. "हात लावून बघ ना."

व्हर्लिननं हात लावला. कापड गार, गुळगुळीत, हलकं. "एका मोसमात फाटेल," तो म्हणाला.

"नाही फाटणार, मिस्टर होबॅक," ट्रॅस्क गोड हसला. "तुम्ही अजून अभ्रे वापरता म्हणे? माझी आजी वापरायची."

सप्टेंबरात धनुष्यबाणाच्या शिकारीचा मोसम उघडला आणि ऑरिन ट्रॅस्कबरोबर गेला. व्हर्लिनला धनुष्य कधी जमलं नव्हतं, हे खरं. ऑरिननं मैत्रीखातर इतकी वर्षं धनुष्य माळ्यावर टाकलं होतं, हेही खरं. पण व्हर्लिनला दिवसभर एकच चित्र दिसत राहिलं: ट्रॅस्कनं शिंगं घेतलीत आणि मागची तंगडी ऑरिनच्या पाठीवर आहे.

आठवड्याभरानं ऑरिन अंगणात आला. हातात त्या पिशव्या, रक्तानं कडक झालेल्या.

"मिळालं एक," तो म्हणाला. "तुझ्या मशीनमध्ये टाकतोस का? आमची मार्ज घरात घेईना."

"का? ट्रॅस्ककडे मशीन नाही?"

"त्याची फार भारीतली आहे."

"अच्छा. शिकार त्याच्याबरोबर, धुणं माझ्याकडे."

"लेका, असं काय बोलतोस?"

"काही नाही. ठेव तिथं."

ऑरिन गेला. व्हर्लिननं पिशव्या मशीनमध्ये टाकल्या. अशा कापडाला साधा, बिनवासाचा साबण लागतो, नाहीतर वास धाग्यात बसतो तो बसतोच आणि मांसात उतरतो. हे त्याला ट्रॅस्कपेक्षा चांगलं माहीत होतं. तो घरात गेला, नेल्डाची लॅव्हेंडरच्या वासाची बाटली घेऊन आला आणि ग्लकग्लक ओतली. एकदा धुतल्या. समाधान होईना, पुन्हा धुतल्या. घे म्हणावं ट्रॅस्क, आता फुलांचा एल्क खा.

ऑक्टोबरात बंदुकीचा मोसम आला, आणि ऑरिनचा ट्रक दारात.

"चल. ट्रॅस्कला घरं विकायचीत."

"म्हणजे तो नाही म्हणून मी?"

"चल रे बाबा! नाटकं नंतर कर. आणि ते अभ्रे ठेव घरी, उशा नागड्या पडतील."

व्हर्लिन गाल फुगवून निघाला, पण निघाला. आणि त्या दिवशी नशीब असं की, जन्मात पाडला नव्हता एवढा मोठा नर त्यानं पाडला. स्वतः. एका गोळीत. ऑरिननं टोपी काढून त्याला सलाम केला. व्हर्लिनचे डोळे भरून आले.

मग ऑरिननं पाठीवरच्या बोचक्यातून पहिली पिशवी काढून झटकली, आणि डोंगरात लॅव्हेंडरची बाग फुलली.

व्हर्लिनचा चेहरा उतरला. "मी काय म्हणतो, पिशव्या राहू देत. तसंच नेऊ."

"तसंच? ऊन बघ. माश्या बघ."

"माझा बनियन घेऊ." आणि त्यानं खरंच बनियन काढला. त्यात पाठीच्या मांसाची एक पट्टी मावली, बस. उघड्या अंगानं तो उभा राहिला, बोकड भादरल्यासारखा.

"पिशव्यांवर अजून राग आहे का?" ऑरिननं विचारलं. त्यानं नाक पिशवीत घातलं, बाहेर काढलं, व्हर्लिनकडे बघितलं. हीच वेळ होती सांगायची. व्हर्लिनचे ओठ हलले, पण त्या ओठांतून ट्रॅस्कचं नाव काढायचं म्हणजे हार मानणं, म्हणून तो बनियनची गाठ आवळू लागला. ऑरिननं पिशवीचं तोंड उघडलं. मागची तंगडी पिशवीत घातली, रीतीप्रमाणे स्वतःच्या पाठीवर बांधली आणि उतरू लागला.

पुढच्या रविवारी होबॅकांकडे जेवण. नेल्डानं पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला.

"व्हर्लिन, माझ्या चादरी अशा लागत असतील."

"मला तर बरं लागतंय," ऑरिन म्हणाला. "अजून एक तुकडा वाढ, नेल्डा." आणि त्यानं तोंड वाकडं न करता ताट साफ केलं. व्हर्लिननं हिवाळाभर ते मांस खाल्लं. मिरची घालून, कांदा घालून, डोळे मिटून. कुत्र्यानं मात्र शेवटपर्यंत तोंड लावलं नाही.

पुढच्या ऑगस्टात ऑरिननं त्याच पिशव्या आणून मशीनवर ठेवल्या.

"ट्रॅस्क मागतोय. दिल्या त्याला, कायमच्या. गेल्या वर्षी पठ्ठ्यानं मागची तंगडी एकदाही उचलली नाही."

व्हर्लिननं घसा साफ केला. "मग आपल्याला?"

"आपल्याला अभ्रे आहेत की." ऑरिन दारापर्यंत गेला आणि वळला. "धुवून दे त्याला. साबण गेल्या वर्षीचाच घाल."

व्हर्लिननं नेल्डानं लपवलेली बाटली शोधून काढली, मन लावून धुतलं, दोरीवर पिशव्या ओळीनं वाळत घातल्या. उन्हात पट्ट्या चमकत होत्या. एक टाका उसवला नव्हता. एवढ्या चांगल्या पिशव्या त्या ट्रॅस्कला मिळणार, म्हणून त्याच्या पोटात जरा दुखलंच.