आबांनी बांधलेलं मनगट

मागच्या वर्षी मेंढ्यांच्या वाघुरीत, म्हणजे कळप कोंडायच्या जाळीत, पाय अडकून मी पडले आणि उजवं मनगट मोडलं. बीडला ऑपरेशन झालं, आत प्लेट बसवली. प्लास्टर निघालं तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि लिहायचा हात तोच. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी दिवसातून तीनदा मनगट वाकवायला सांगितलं, चित्रं असलेला कागदही दिला.

घरी आबा, म्हणजे माझे वडील, माझा उघडा हात बघून घाबरले. पाय मोडलेली शेळी-मेंढी लोक त्यांच्याकडेच आणतात. आत लोकर, वर बांबूच्या कामट्या, त्यावर चिंधी. जनावर स्वतःहून पाय टेकेपर्यंत सोडायचं नाही, हा त्यांचा नेम. माझं मनगटही त्यांनी तसंच बांधलं.

कागद माझ्या वहीत होता. तो वाचून दाखवायला हवा होता, मी दाखवला नाही. त्याचं कारण लिहितानाही संकोच वाटतो. मी कॉलेजला जायला लागल्यापासून आबा माझ्याशी जपून बोलायचे, पाहुणीशी बोलावं तसं. आता रोज सकाळी कळप सोडण्याआधी ते माझा हात मांडीवर घेत, गाठ चाचपत आणि घट्ट तर नाही ना, असं विचारत. ते थांबावं असं मला वाटेना.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघं बीडला गेलो. मॅडमनी मूठ करायला सांगितली. बोटं तळव्यापर्यंत पोचेनात, मनगट तर लाकडासारखं झालेलं. व्यायाम का केला नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, भीती वाटली म्हणून मीच बांधून ठेवलं.

दाराशी उभे असलेले आबा आत आले.

“मी बांधलं. तिला बोलू नका.” मग म्हणाले, “परीक्षा हाय तिची. लिहिता येईल ना?”

मॅडम म्हणाल्या, आजपासून लागलात तर येईल, पण दुखेल. दाब किती द्यायचा ते त्यांनी आबांच्याच हातावर दाखवलं.

परतीच्या बसमध्ये मी कागदाचं कबूल केलं. वाटेतलं नेकनूर जवळ आल्यावर आबा म्हणाले, “मेंढरू बी पाय सोडल्यावर लंगडतंच. रोज चढावर न्यावं लागतंय. मलाच कळाया पायजे हुतं.” रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात हात आणि मग आबांचा तळवा माझ्या तळव्याला. दाबताना ते मनगटाकडे बघतच नसत, माझ्या तोंडाकडे बघत. मी ओठ चावला की थांबत, पण हात सोडत नसत. आई म्हणायची, “मेंढरं ओरडायलीत अन् हे लेकीचा हात नाचवीत बसलेत.”

पहिल्या पेपरला शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. बाकी सगळं मी माझ्या हातानं लिहिलं. बाहेर आले तर फाटकापाशी आबा. कळप आईकडे सोपवून आले होते. पेपर कसा गेला ते त्यांनी विचारलं नाही. माझं मनगट धरून तिथंच हळूहळू खाली-वर केलं. वर्गातल्या मुली बघत होत्या.

“दुखलं का?”

“थोडं.”

“घरी गेल्यावर पाणी तापवू,” आबा म्हणाले. हात मी त्यांच्या हातात तसाच राहू दिला.