दुसरी गोळी

शिलाई मशीनला तेल घातलं, की त्या वासाने मी अजून अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावच्या शूटिंग रेंजवर जाते. लग्न नुकतंच झालं होतं. माझ्या नवऱ्याने, शिरीषने, भारतात चालवलेल्या एनसीसीच्या रायफलीत मागचा बोल्ट हाताने ओढल्याशिवाय पुढची गोळी चढत नसे. रेंजवरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल मात्र ती आपोआप चढवायची. शिरीष नेमकं तेच विसरला. पहिली गोळी बरोब्बर मध्ये लागली आणि "बघितलंस?" म्हणत तो रायफलीसकट माझ्याकडे वळला. बोट ट्रिगरवरच. समोर नळीचं बारीक, काळं भोक.

"डोन्ट मूव्ह!" रेंजवरचा कोच ओरडला. त्याने नळी खाली दाबून बोल्ट ओढला, तसं जिवंत काडतूस उडून फरशीवर पडलं.

शिरीष हा किस्सा आजही पार्टीत हसत सांगतो. दुसऱ्या गोळीपाशी यायच्या आत मी कोशिंबीर कालवायला उठते.